काटकसर नांवाचें फूल

इंग्लंडमध्यें १९३७ पासून १९५२ पर्यंत तीन पेन्सचें एक पितळी नाणें पाडलें जात असे. त्याला बारा बाजू होत्या. एका अंगावर राजा सहावा जॉर्ज याचा मुखवटा आणि दुसऱ्या अंगावर तीन गोंडे आलेल्या एका लहानशा रोपाचें चित्र, अशी त्याची घडण होती. ज्यांच्या घरीं जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आहे, त्यांनीं तें पाहिलेंहि असेल. त्या रोपाला इंग्रजींत ‘थ्रिफ्ट’ म्हणतात, आणि थ्रिफ्ट या शब्दाचा दुसरा अर्थ काटकसर. तीन पेन्ससारख्या अल्प किंमतीच्या नाण्यावर काटकसर कोरून ठेवण्यांत एक गोड श्लेष साधला होता. १९७१ सालीं तें नाणें चलनांतून गेलें. रोप मात्र जेथें होतें तेथेंच आहे. त्या रोपाविषयीं आणि तें बागेंत लावतांना मला मिळालेल्या एका धड्याविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

हें रोप मूळचें समुद्रकांठचें. त्याचें शास्त्रीय नांव आर्मेरिया मारिटिमा. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘सागरी’ असा आहे. युरोपच्या पश्चिम व उत्तर किनाऱ्यांवर, आइसलंडमध्यें, तसेंच उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरहि तें आपोआप उगवतें. परंतु त्याचें खरें वैभव पाहावयाचें तर ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याला जावें : कॉर्नवॉल, सिली बेटें आणि वेल्समधील पेम्ब्रोकशायर. तेथें समुद्राला भिडून उभे असलेले उंच कडे आहेत. अटलांटिक महासागरावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा त्यांवर अखंड आदळत असतो आणि आपल्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार घेऊन येतो. अशा कड्यांवर, जेथें चिमूटभर मातीहि दिसत नाहीं अशा फटींतून, या रोपाचे हिरवेगार ठोंब बसलेले असतात. पानें गवताच्या पात्यासारखीं अरुंद आणि इतकीं दाट कीं, सबंध ठोंब एखाद्या लहानशा उशीसारखा दिसतो. तो बाराहि महिने हिरवा राहतो. एप्रिल उजाडला कीं त्या उशींतून पानें नसलेले ताठ दांडे वर येऊं लागतात, आणि मे महिन्यांत प्रत्येक दांड्याच्या टोकावर सुमारें इंचभर रुंदीचा गुलाबी गोंडा फुलतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतें, कड्यावर कोणीं गुलालच उधळला आहे. हा बहर जून-जुलैपर्यंत टिकतो. फुलें सुकलीं तरी गळून पडत नाहींत. कागदासारखीं कोरडीं होऊन दांड्यावरच राहतात.

ज्या ज्या लोकांनीं हें फूल पाहिलें, त्यांनीं त्याला आपापल्या भाषेंत लाडकें नांव दिलें आहे. वेल्श भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थ ‘मेरीची उशी’. जर्मन लोक त्याला गवती कार्नेशन म्हणतात, आणि २०२४ सालीं जर्मनींत वर्षाचें फूल म्हणून त्याचीच निवड झाली. २००२ सालीं ब्रिटनमध्यें प्रत्येक परगण्यासाठीं लोकांच्या मतानें एकेक फूल ठरविण्यांत आलें, तेव्हां सिली बेटांच्या वांट्याला हेंच फूल आलें.

आतां माझा स्वतःचा अनुभव सांगतों. कांहीं वर्षें मी वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एका लहान गांवांत राहत होतों. आमचें घर कड्यापासून दोनशे पावलांवर होतें. दारापुढें चार फुलें असावींत, अशी माझ्या पत्नीची फार इच्छा. आम्ही प्रथम गुलाब लावले. ऑक्टोबरच्या पहिल्याच वादळानें त्यांचीं पानें भाजल्यासारखीं काळीं केलीं. डेलिया लावले, ते वाऱ्यानें मोडले. तेव्हां वाटलें, जें फूल समोरच्या कड्यावर आपण होऊन उगवतें, तें तरी आपल्या अंगणांत नक्कीच जगेल. म्हणून थ्रिफ्टचीं बारा रोपें विकत आणलीं. माझें बालपण पुण्यास गेलेलें. झाड लावणें म्हणजे खड्डा खणणें, त्यांत भरपूर शेणखत घालणें आणि सकाळ-संध्याकाळ पाणी देणें, एवढें बागकाम मला ठाऊक होतें. तें सर्व मीं मनापासून केलें. रोपें शरद ऋतूंत पहा काय तरारलीं! पानें लांब झालीं, रंग गडद झाला. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बारांपैकीं नऊ रोपें मेलेलीं आढळलीं. हातांत धरतांच ठोंब मुळापासून सुटून वर येई.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचें सारें आयुष्य मासेमारींत गेलें होतें. त्यांनीं एक मेलेलें रोप उचलून उलटें केलें आणि जेथें पानें व मूळ एकत्र येतात, ती मान मला दाखविली. ती कुजून काळी ठिक्कर पडली होती. ते एवढेंच म्हणाले, “तुम्ही याला जेवूं घालून मारलेंत.” मग त्यांनीं आमच्याच कुंपणाच्या दगडी भिंतीकडे बोट केलें. तेथें दोन दगडांच्या सांध्यांत, जेथें मूठभर माती नव्हती आणि जेथें मीं कधीं पाण्याचा थेंब घातला नव्हता, थ्रिफ्टचा एक ठोंब मजेंत वाढत होता. वाऱ्यानें आणलेल्या बीपासून तो उगवलेला असावा. ती भिंत मी रोज पाहत होतों. पण त्या दिवसापर्यंत ती मला दिसलीच नव्हती.

त्यानंतर मीं या वनस्पतीविषयीं जें वाचलें आणि पाहिलें, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. हें रोप मिठावर जगतें, असा आपला समज असतो. तो बरोबर नाहीं. मिठाशिवायहि तें उत्तम वाढतें. मीठ त्याला आवडतें असें नसून तें त्याला सोसतें, आणि इतरांना सोसत नाहीं, एवढाच फरक आहे.

हें सोसणें कसें घडतें, तें पाहूं. खारट तुषार पानावर पडला कीं तो पानांतील पाणी शोषून घेतो, आणि मीठ आंत शिरलें कीं पेशींचें काम बिघडतें. रुंद व कोंवळ्या पानांची झाडें म्हणूनच समुद्रकांठीं करपतात. थ्रिफ्टचें पान मुळांतच सुईसारखें अरुंद. त्यावर तुषार पडावयास जागाच थोडी. पानें दाटीनें एकमेकांस चिकटून बसल्यामुळें वारा ठोंबावरून घसरून जातो. आंत शिरून ओलावा काढून नेऊं शकत नाहीं. शिवाय पानांवर सूक्ष्म ग्रंथि असतात. आंत आलेलें जास्तीचें मीठ त्या ग्रंथींवाटे बाहेर टाकलें जातें. पेशींमध्यें प्रोलिनसारखीं कांहीं द्रव्यें सांठविलीं जातात आणि त्यांच्या योगानें पेशी आपलें पाणी राखून ठेवतात. खालीं एक लांकडासारखें टणक सोटमूळ असतें. तें खडकाच्या फटींतून खोलवर उतरून तेथील ओल शोधून काढतें. आपल्याकडील औषधी चित्रक हा या रोपाचा कुलबंधु होय. दोघांचें कुल एकच. चित्रकाच्या फुलाखालील हिरवा कोश बोटांना चिकटतो तो तेथील ग्रंथींमुळें, हें ज्यांनीं चित्रक हाताळला आहे त्यांस ठाऊक आहे. ग्रंथींतून स्राव बाहेर टाकण्याची ही विद्या त्या कुलांत अशी परंपरेनेंच आलेली आहे.

आतां दुसरा प्रश्न. मिठाशिवाय जर तें जगतें, तर सुपीक शेतांत, नदीकांठच्या कुरणांत तें कां दिसत नाहीं? याचें उत्तर असें कीं, त्याला सावली मुळींच खपत नाहीं आणि उंच शेजाऱ्यांशीं झगडण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं. चांगल्या जमिनींत गवत व झुडपें भराभर वाढतात आणि या बुटक्या रोपाचा सूर्यप्रकाश हिरावून घेतात. म्हणून जेथें इतरांचा निभाव लागत नाहीं, तेथें तें जाऊन बसतें. समुद्राचा कडा ही अशी एक जागा. स्कॉटलंडमधील उंच पर्वतांचे उघडे माथे ही दुसरी. तेथें समुद्र नाहीं, मीठ नाहीं, पण थ्रिफ्ट आहे. तिसरी जागा अधिक नवलाची आहे. उत्तर वेल्समध्यें डॉल्गेलाय गांवाच्या परिसरांत एक दलदल आहे. तिच्या मातींत तांब्याचा अंश इतका कीं, पूर्वीं तेथील माती जाळून तीमधून तांबें काढीत. बहुतेक वनस्पतींना जें विष, त्या जमिनींतहि थ्रिफ्ट वाढतें. जर्मनींत हार्ट्झ पर्वताच्या आसपास जुन्या खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर त्याची एक जात आढळते. कडा, पर्वत आणि खाणीचा ढिगारा, या तिन्ही जागांत साम्य एकच : तेथें गर्दी नाहीं.

श्रोतेहो, माळ्यानें लक्षांत ठेवावयाचें तें हेंच. हें रोप बागेंत आणावयाचें तर मिठाची जरूर नाहीं, खताची नाहीं, लाडाचीहि नाहीं. त्याला मोकळें ऊन, मानेपाशीं कोरडेपणा आणि शेजाऱ्यांचा अभाव, एवढें पुरवावें. आणि हें पुरविण्याची उत्तम सोय म्हणजे शिलोद्यान.

थ्रिफ्ट बागेंत येऊन आतां चार शतकांहून अधिक काळ लोटला आहे. जॉन जेरार्ड यानें १५९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथांत, वाफ्यांच्या कडा बांधण्यास हें रोप फार सोयीचें असल्याचें नमूद केलें आहे. खडकांची बाग करण्याची हौस मात्र पुष्कळ नंतरची. ती इंग्लंडमध्यें घरोघरीं पोहोंचविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं रेजिनाल्ड फॅरर या यॉर्कशायरच्या गृहस्थाकडे जातें. १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्या काळच्या हौशी लोकांची चांगलीच थट्टा केली आहे. मातीचा ढीग करून त्यांत उभे दगड खोंचले म्हणजे तें शिलोद्यान होत नाहीं, तर बदाम खोंचलेलें पक्वान्न होतें, असा त्याचा आशय होता. ही थट्टा केवळ सौंदर्याच्या दृष्टीनें केलेली नव्हती. उभा खोंचलेला दगड पावसाचें पाणी रोपापासून दूर फेंकून देतो आणि स्वतःहि हळूहळू डळमळूं लागतो.

तेव्हां रचना अशी करावी. जागा पूर्ण उन्हाची निवडावी. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे उतरती असल्यास फारच चांगलें. समुद्राच्या बाजूला आडोसा नसला तरी चालेल. जमीन चिकणमातीची असेल तर खणण्याच्या भानगडींत न पडतां वरच्या वर फूटभर उंचीचा वरंबा घालावा, आणि त्याच्या तळाशीं विटांचे तुकडे, फुटके दगड असा सहा इंचांचा थर द्यावा. त्यावर निम्मी साधी माती व निम्मी जाडी भरड वाळू किंवा बारीक खडी यांचें मिश्रण पसरावें. पालापाचोळ्याचें जुनें खत ओंजळभर घातल्यास हरकत नाहीं. शेणखत मात्र अजिबात घालूं नये. दगड एकाच जातीचे घ्यावेत. त्यांचा तिसरा हिस्सा तरी जमिनींत गाडावा आणि माथा किंचित् मागें कलता ठेवावा, म्हणजे पावसाचें पाणी दगडावरून ओघळून मागच्या मुळांकडे जाईल. दोन दगडांमध्यें तीन-चार बोटांची फट ठेवावी. रोपाचें खरें घर ती फटच होय.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. किनाराच जवळ आहे म्हणून तेथील वाळू व गोटे उचलून आणण्याचा मोह होतो. ती वाळू खारट असते, आणि ब्रिटनमध्यें बहुतेक किनाऱ्यांवरून ती नेणें कायद्यानें मना आहे. कड्यावरचें रोप उपटून आणणें तर याहून वाईट. जमीनमालकाच्या परवानगीवांचून रानटी रोप उपटणें हा तेथें १९८१ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; आणि कायदा बाजूला ठेवला, तरी फटींत खोल गेलेलें सोटमूळ उपटतांना तुटतें आणि रोप बहुधा दगावतें. रोपवाटिकेंतील लहान रोप थोड्या पैशांत मिळतें आणि तें अधिक लवकर रुजतें.

लागवड सप्टेंबरमध्यें किंवा मार्च-एप्रिलमध्यें करावी. जेथें हिवाळा फार ओला असतो, तेथें वसंतांतील लागवडच बरी. रोपवाटिकेंतील रोपें बहुधा काचेच्या छपराखालीं वाढलेलीं असतात. त्यांना आठ-दहा दिवस आडोशाला पण उघड्यावर ठेवून वाऱ्याची संवय करून द्यावी आणि मग जागेवर लावावें. दोन रोपांत नऊ इंच ते एक फूट अंतर असावें. मान मातीच्या पातळीच्या किंचित् वरच राहील अशी काळजी घ्यावी आणि तिच्याभोंवतीं इंचभर जाडीचा बारीक खडीचा गालिचा पसरावा. या खडीचें महत्त्व फार मोठें आहे. ती पाण्याला मानेपाशीं थांबूं देत नाहीं, तण उगवूं देत नाहीं आणि पानांना मातीचे शिंतोडे लागूं देत नाहीं. माझीं पहिलीं नऊ रोपें थंडीनें किंवा मिठानें मेलीं नव्हतीं. मानेशीं सांचलेल्या गोड्या पाण्यानें मेलीं होतीं. कोणी म्हणेल, हेंच रोप खाऱ्या दलदलीच्या वरच्या कांठावरहि आढळतें, तें कसें? तेथें भरती येते तशी ओहोटीहि येते, हें त्याचें उत्तर. आमच्या वाफ्यांत भरती रोजची होती, ओहोटी नव्हती.

पहिल्या उन्हाळ्यांत, मूळ धरेपर्यंत, आठवड्यांतून एकदां पाणी द्यावें. पुढें मोठी अवर्षणाची पाळी आल्याखेरीज पाण्याची आठवण करूं नये. खत कधींच देऊं नये. खत दिलेलें रोप पानें पुष्कळ काढतें, फुलें थोडीं देतें, सैल पडतें आणि हिवाळ्यांत कुजतें. शेजारीं उंच वाढणारें कांहीं लावूं नये. फुलें सुकूं लागलीं कीं दांडे तळापासून कातरून टाकावे. पुष्कळदां त्यामुळें उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हां थोडीं फुलें येतात. कांहीं दांडे सुकण्यापूर्वींच कापून, जुडी बांधून, सावलींत उलटे टांगावेत. तीं फुलें हिवाळाभर घरांतील फुलदाणींत राहतात.

तीन-चार वर्षांनीं ठोंब मध्यभागीं विरळ व तपकिरी होऊं लागतो. हा रोग नव्हे, वार्धक्य होय. अशा वेळीं वसंताच्या आरंभीं किंवा फुलें होऊन गेल्यावर सप्टेंबरांत ठोंब उचलावा, मधला वठलेला भाग टाकून द्यावा आणि कडेचे, स्वतःचीं मुळें असलेले फुटवे वेगळे करून लावावेत. मुळें नसलेले फुटवेहि फुकट जात नाहींत. जुलै-ऑगस्टमध्यें ते बुडाशीं थोडी जुनी साल ठेवून काढावे आणि निव्वळ ओल्या भरड वाळूंत टोंचावे. त्यांतील बरेचसे मूळ धरतात. बियांपासूनहि रोपें होतात. बी रात्रभर पाण्यांत भिजवून वाळूमिश्रित मातींत अगदीं वरवर पेरावें. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात आणि फुलें बहुधा दुसऱ्या वर्षीं येतात.

बियांच्या बाबतींत मात्र या रोपाचा एक विलक्षण नियम आहे. युरोपांतील थ्रिफ्टचीं झाडें दोन प्रकारचीं असतात. दिसावयास दोन्ही अगदीं सारखीं. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास एकाच्या परागाची व स्त्रीकेसराच्या टोंकाची घडण दुसऱ्याहून निराळी आढळते. एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावरच रुजतो. आपल्या जातभाईंच्या फुलावर तो वायां जातो. म्हणून एकाच ठोंबाचे फुटवे काढून सगळी बाग भरली, तर बहर उत्तम येईल पण बी धरणार नाहीं. बी हवें असेल तर निरनिराळ्या ठिकाणांहून चार-सहा रोपें आणावीं आणि पुढचें काम मधमाशांवर सोंपवावें. या फुलांवर मधमाशा व फुलपांखरें पुष्कळ येतात. पारदर्शक पंखांच्या एका लहानशा पतंगाची अळी तर या रोपाच्या बुडाशीं व मुळांतच वाढते, आणि त्या पतंगाला इंग्रजींत थ्रिफ्टच्याच नांवानें ओळखतात.

बागांसाठीं याच्या निरनिराळ्या जाति निवडल्या गेल्या आहेत. ‘आल्बा’ पांढरी शुभ्र. ‘ड्युसेलडॉर्फर श्टोल्झ’ गडद लालसर गुलाबी. ‘रुब्रिफोलिया’ची पानेंच तांबूस. ज्यांची जागा फारच थोडी आहे, त्यांनीं स्पेनच्या पर्वतांतील आर्मेरिया जुनिपेरिफोलिया ही बहीण लावावी. तिचा ठोंब दोन-तीन इंचांपेक्षां उंच होत नाहीं आणि फुलें जवळजवळ पानांवरच बसतात. एका दगडी कुंडींतहि तिचा संसार सुखानें होतो.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एव्हांना प्रश्न आला असेल : आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर, मुंबईच्या गच्चीवर हें फूल लावतां येईल काय? प्रामाणिक उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे. पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर वर्षाकांठीं हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बाराहि महिन्यांत वांटलेला असतो, हवाहि थंड. मुंबईस जूनपासून सप्टेंबरपर्यंतच दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि ऐन उष्ण, दमट हवेंत. ज्या रोपाची मान थंड ओलाव्यानेंहि कुजते, तिचा तेथें निभाव लागणार नाहीं. ज्यांचीं मुलें-लेकी ब्रिटनच्या किनाऱ्यावर घर करून राहिल्या आहेत, त्यांनीं हवें तर ही माहिती पत्रानें कळवावी. त्यांच्या दारापुढें हें फूल खात्रीनें फुलेल.

परंतु रोप आणतां आलें नाहीं, तरी त्याचा धडा आणतां येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभ्या दगडाचे मोठमोठे सडे आहेत. त्यांवर माती इतकी थोडी कीं मोठें झाड तेथें मूळ धरूं शकत नाहीं. सरकारी कागदांत व आपल्या बोलण्यांत ती जमीन पडीक ठरते. आणि पावसाळ्यांत त्याच पडीक कातळावर सीतेचीं आसवें व इतर कितीतरी इवलालीं फुलें उमलतात. तीं तेथें फुलतात तीं माती थोडी आहे म्हणूनच. सुरुंग लावून, बाहेरची माती भरून ती जागा आपण ‘सुधारली’ कीं तीं जातात. कारण मातीबरोबर गर्दीहि येते. कड्यावरील थ्रिफ्ट आणि सड्यावरील हीं फुलें परस्परांचीं नात्याचीं नव्हेत. पण एकच नियम दोघांनाहि लागू आहे. कोणत्याहि जागेंत कांहीं घालण्यापूर्वीं, तेथें जें नाहीं त्याच्यामुळें कोण जगतें आहे, तें आधीं पाहावें.

आमच्या अंगणाचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतों. त्या वसंतांत मीं खत घातलेली सारी माती उपसून काढली. शेजारच्या गृहस्थांच्या देखरेखीखालीं दगड रचले, खडी पसरली आणि उरलेलीं तीन रोपें त्यांत लावलीं. त्या वर्षीं फुलें आलीं नाहींत. पुढच्या मे महिन्यांत मात्र तिन्ही ठोंबांवर मिळून एकतीस गोंडे आले. माझ्या पत्नीनें ते मोजले होते. मागाहून त्यांचेच फुटवे काढून आम्ही सारा बांध भरला. हें गांव सोडतांना मीं त्या गृहस्थांना थ्रिफ्ट या नांवाचें मूळ विचारलें. त्यांना तें माहीत नव्हतें. पुढें मला एका कोशांत सांपडलें. इंग्रजींत थ्रिफ्ट म्हणजे काटकसर आणि थ्राइव्ह म्हणजे भरभराट होणें, हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. बारा रोपांची किंमत मोजून मला जें कळलें, तें त्या भाषेला आधींच ठाऊक होतें.